निकालाआधीचे दाणे

"पूर्ण टाइम मागे मागे जाऊन राहिला. अशाले कोण पट्टा देते?"

टीव्हीवर रेफरीने लाल कोपऱ्यातल्या चॅम्पियनचा हात वर केला होता. तो अजून खालीही आला नव्हता, तेवढ्यात बँकेचे काका हे बोलून गेले. बोलले तसे स्वतःशीच, चहाच्या कपात बघत. पण आमच्या जगतपुऱ्यातल्या फ्लॅटची बैठकीची खोली लहान, त्यात टीव्हीचा आवाज बंद. सगळ्यांना ऐकू आलं. दिवाणाच्या कडेला बसलेल्या त्यांच्या मुलीलाही आलं. तिने स्वेटरच्या बाह्या ओढून बोटं आत घेतली आणि टीव्हीकडेच बघत राहिली.

काका बोलले ते निळ्या कोपऱ्यातल्या, नुकत्याच हरलेल्या बॉक्सरबद्दल. पण मागे सरकत खेळणारं आणखी एक माणूस त्या खोलीत होतं. दाराशी, चपलांच्या स्टँडजवळ ठेवलेल्या कापडी पिशवीत बाबांनी तिला दिलेले ग्लोव्ह्ज होते. ते परत करायलाच काका तिला घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी बाबांना सांगून टाकलं होतं, "मॅच झाली की हे देऊन टाकू, सुभेदार साहेब. उद्यापासून तिचा क्लास सुरू होऊन राहिला." बाबांनी पिशवीकडे बघितलं आणि फक्त म्हणाले, "आधी बसा तर."

मी पलीकडे डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसले होते. झालानातल्या माझ्या ऑफिसला रविवारी सुट्टी असते, त्यामुळे काम काही नव्हतं. पण लॅपटॉप उघडा असला की कुणी माझं मत विचारत नाही.

अमेरिकेत शनिवारी रात्री होणाऱ्या टायटल फाइट्स आपल्याकडे रविवारी सकाळी दिसतात. आमच्याकडे त्यासाठी तिघं जमतात. बाबा आर्मीत होते, युनिटकडून बॉक्सिंग खेळले. शेवटचं पोस्टिंग जयपूरला झालं आणि साताऱ्याला परत जायचं राहूनच गेलं. आता स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये ते पहाटे मुलामुलींना शिकवतात. काका खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे यवतमाळचे, बँकेत मॅनेजर, बदली होऊन आलेले. तिसरे समोरच्या फ्लॅटमधले मास्टरजी. झुंझुनूचे, शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. ते बोलतात हिंदी, पण इतक्या वर्षांत मराठी सगळं कळायला लागलंय. जे कळू नये तेसुद्धा.

बॉक्सिंग बघायची यांची एक पद्धत आहे. तिच्यामागे जुनं भांडण आहे. एका अटीतटीच्या मॅचनंतर तिघंही छातीठोकपणे सांगत होते की जिंकलेल्याचं नाव आपण पहिल्या राउंडपासून घेत होतो. खरं तर घेतलं कुणीच नव्हतं. त्यावर बाबांनी फौजी उपाय काढला. आईकडून झाकणाच्या तीन छोट्या स्टीलच्या डब्या घेतल्या आणि मूठभर राजमा, मूठभर छोले. लाल कोपऱ्याने राउंड घेतला असं वाटलं तर राजमा, निळ्याने घेतला असं वाटलं तर छोला. प्रत्येक राउंड संपला की मूठ झाकून एक दाणा आपापल्या डबीत टाकायचा आणि झाकण लावायचं. टीव्हीचा आवाज बंद, कारण कॉमेंट्री करणारा आपले डोळे आपल्याला देतो, असं बाबांचं म्हणणं. मॅच चालू असताना चहा मागा, नेटवर्कला शिव्या द्या, एकमेकांची खेचा, पण कोण पुढे आहे हे बोलायचं नाही. निकाल लागला की आधी डब्या ताटात उपड्या करायच्या आणि मग भांडायचं.

ते दाणे आता वेगळ्या बरणीत असतात. हाताळून हाताळून गुळगुळीत झालेत. आई म्हणते, "बॉक्सिंग खेळलेला राजमा शिजत नाही."

बाबांनी एकदा मलाही डबी देऊ केली होती. मी नको म्हटलं. डबी शेवटी सगळ्यांसमोर उघडावी लागते.

तर त्या रविवारी काका डबी उघडायच्या आधी बोलले. नियम मोडला गेला, पण बाबांनी तेवढ्यावर सोडून दिलं असतं. अडचण अशी झाली की काका बोलतच राहिले.

"चॅम्पियनकडून पट्टा घ्यायचा म्हणजे हिसकावून घ्यावा लागते. हा काय करून राहिला होता? तो पुढे आला की हा मागे. मागे जाऊन एखादा टोला, पुन्हा मागे. बरोबर दिला निकाल. एकदम बरोबर."

"मैनेजर साहब, लूट हो गई है, लूट!" मास्टरजी दिवाणावरून उठलेच. "वो सांड की तरह दौड़ रहा था, और मार किसको रहा था? हवा को!"

"डब्या," बाबा म्हणाले. "आधी डब्या. ऑर्डर म्हणजे ऑर्डर."

इथे मला महिनाभर मागे जायला हवं. त्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

काकांची मुलगी अकरावीत आहे. दोन वर्षं बाबांकडे शिकतेय. हात लांब, अंगाने बारीक, म्हणून बाबांनी तिला तसंच खेळायला शिकवलंय. समोरची अंगावर आली की एक पाऊल मागे, तिचा ठोसा हवेत जाऊ द्यायचा आणि ती सावरायच्या आत मारायचं. बघणाऱ्याला हे घाबरल्यासारखं वाटतं. हॉलमधली लहान मुलंसुद्धा सुरुवातीला तिला हसायची. थंडीत, अंधार असतानाच काका तिला स्कूटरवरून हॉलला सोडायचे आणि मफलर गुंडाळून बाहेर थांबायचे. आत यायचे नाहीत. तिला लागतं ते बघवत नाही, असं आईला एकदा म्हणाले होते.

ठरलं होतं ते एवढंच की राज्याच्या टीममध्ये निवड झाली तर बॉक्सिंग चालू राहील, नाही झाली तर बंद आणि कोचिंग क्लास सुरू. तिने ते मान्य केलं होतं. मान्य न करून काय केलं असतं, हा वेगळा प्रश्न.

निवडीची फायनल सीतापुऱ्याच्या पुढे एका कॉलेजच्या हॉलमध्ये होती. तिची आई येणार नव्हती. मुलगी मला म्हणाली, "दीदी, तुम्ही चला ना. पप्पा एकटे बसतील, मतलब, ते कुणाशी बोलत नाहीत अशा वेळी." मला वाटतं, न बोलणाऱ्या माणसाशेजारी बसायला तिने बरोबर माणूस निवडलं होतं.

काकांनी गेटवर भाजलेल्या शेंगांची पुडी घेतली. आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलो. निळा कोपरा आमच्या डावीकडे, तिथे ती आणि पाण्याची बाटली घेऊन बाबा. लाल कोपरा उजवीकडे. समोरची मुलगी बुटकी, दणकट आणि सतत पुढे येणारी. ती पुढे आली की हॉलमध्ये टाळ्या पडायच्या. तिचे ठोसे ग्लोव्ह्जवर बसले तरी टाळ्या, खांद्यावरून निसटले तरी टाळ्या. आमच्या मुलीने मागे जाऊन नाकावर मारलेला ठोसा मात्र नीट बघत असलेल्यालाच दिसायचा. त्याचा आवाजही फारसा होत नव्हता.

काकांनी एकही शेंग फोडली नव्हती. पहिला राउंड संपल्यावर त्यांनी पुडीतून एक शेंग काढली आणि जॅकेटच्या उजव्या खिशात टाकली. मला वाटलं, नंतर खायला ठेवली असेल. दुसरा राउंड संपला. त्यांनी एक शेंग काढली, बोटांत फिरवली आणि डाव्या खिशात टाकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं. उजवा खिसा लाल, डावा खिसा निळा. रविवारची सवय हाताला लागली होती. हात काय करतोय हे त्यांना बहुतेक ठाऊकही नव्हतं, कारण त्यांची नजर सगळा वेळ डाव्या कोपऱ्यात, लेकीच्या तोंडावर पाणी मारणाऱ्या बाबांकडे होती.

तिसऱ्या राउंडनंतर त्यांनी बराच वेळ शेंग हातात धरून ठेवली. पहिल्या राउंडला लेक हरली असं त्यांनी मानलं होतं, म्हणजे ते तिच्या बाजूने खोटं मोजत नव्हते. मी तोपर्यंत रिंगकडे बघायचं सोडून त्यांच्या हाताकडे बघत होते. शेंग डाव्या खिशात गेली. हात तिच्या मागोमाग आत गेला आणि तिथेच राहिला.

रेफरीने उजवीकडच्या मुलीचा हात वर केला. पाचांपैकी तीन जज तिच्या बाजूने, दोन आमच्या. काकांनी खिशातून हात काढला आणि टाळ्या वाजवल्या. मनापासून, उभं राहून. त्या मुलीच्या वडिलांना जाऊन भेटलेसुद्धा.

परतीच्या वाटेवर गाडीत ते म्हणाले, "पाच जण बसले होते तिथं. पाहूनच दिलं असंन त्यांनी. हरली तर हरली, त्यात काय." बाहेर फॅक्टरीच्या गेटसमोर शिफ्ट सुटली होती. बसला माणसं लटकत होती. मागच्या सीटवर तिने मला हळूच विचारलं, "दीदी, माझी नाक लाल दिसते का?" मी नाही म्हटलं. लाल होतं, पण तिला तेवढंच विचारायचं नव्हतं हे मला कळत होतं.

शेंगांचं मी कुणालाच सांगितलं नाही. लोक आपल्या खिशात काय ठेवतात हा त्यांचा प्रश्न, असं मी लहानपणापासून मानत आलेय. मला बरंच काही दिसतं. जे दिसतं ते सगळं बोलून दाखवत बसले तर लोक माझ्यासमोर वागायचे थांबतील, अशी मला भीती वाटते.

आता पुन्हा त्या रविवारकडे.

मास्टरजींनी डबी ताटात ओतली. छोलेच छोले, मध्ये लाजल्यासारखे तीन-चार राजमे. "ये देखो! अंधे को भी दिख जाए!" बाबांच्या डबीत दोन्ही सारखेच निघाले. मास्टरजींनी कपाळावर हात मारला. "सूबेदार साहब, आप बॉर्डर पर भी मैच ड्रॉ करवा के ही लौटते होंगे।"

"जे दिसलं ते टाकलं," बाबा म्हणाले. "साहेब, तुमची."

काकांनी डबी हातात घेतली, हलवून बघितली. "माझी काय उघडता? मी तर सांगूनच टाकलं."

"उघडा की. आता काय लपवता?"

काकांनी झाकण काढलं आणि डबी ताटात पालथी केली. दाणे मोजायची गरजच पडली नाही. पांढरे छोले जास्त होते. त्यांनी स्वतःच्या हाताने, राउंडमागून राउंड, मागे मागे जाणाऱ्याला मॅच दिली होती.

मास्टरजी इतके हसले की आई पोह्यांच्या प्लेट्स घेऊन आलेली तशीच दारात थांबली. "अरे वाह, मैनेजर साहब! दिल तो हमारी पार्टी में है, मुँह उधर दे आए!"

"चुकून पडले असतीन," काका म्हणाले. कान लाल झाले होते. "डबीत दिसते कुठं काय पडलं ते."

"डबीत दिसत नाही," बाबा म्हणाले. "हातात दिसतं."

"अहो, पण ते तीन जज रिंगला खेटून बसले होते! आपण इथं सोफ्यावर चहा पिऊन राहिलो. त्यांच्यापेक्षा आपल्याले जास्त दिसते काय?" काका आता खरंच कळकळीने बोलत होते. "माझ्या बँकेतही असंच. मी शिफारस करतो, फाइल वर जाते. वरून नाही आलं की मी पुन्हा पाहतो, आणि खरं सांगतो, दर वेळी मले माझ्याच शिफारशीत काहीतरी चूक सापडते. वरच्यांनी काही पाहिलं असंन म्हणूनच नाही म्हणाले ना!"

मास्टरजींनी पोह्यांची प्लेट घेतली आणि लिंबू पिळत बसले. मला काकांचा राग येईना. निकाल ऐकला की स्वतःचे डोळे खोटे पाडायचे, हे मी परीक्षेत, ऑफिसात, सगळीकडे केलंय. मीही असंच बोलणं बदललं असतं.

बाबांनी ताटातले दाणे वेगळे करायला घेतले. राजमा एका बाजूला, छोले एका बाजूला. मान वर न करता म्हणाले, "मग त्या पिशवीचं काय करायचं?"

"ते वेगळं, सुभेदार साहेब."

"कसं वेगळं?"

"तिथं बाप बसला होता," काका म्हणाले. "बापाच्या डोळ्यांचं काय घेऊन बसता? बापाले तर आपलीच पोरगी जिंकलेली दिसंन. म्हणून मी मोजलंच नाही. नुसता जीव मुठीत धरून बसलो होतो."

दिवाणाच्या कडेवरून ती पहिल्यांदा बोलली. "पप्पा, पण तुम्हाला काय वाटलं होतं? त्या दिवशी?"

"मले काय वाटणार, बेटा?"

"नाही, मतलब, जज जाऊ द्या. तुम्हाला."

तिच्या आवाजात हट्ट नव्हता. महिनाभर जवळ ठेवलेला प्रश्न तिने विचारून टाकला होता. ग्लोव्ह्ज परत जाणार हे तिने धरलंच होतं, असं मला वाटतं. जायच्या आधी तिला एकच गोष्ट हवी होती. घरातल्या एका माणसाने तिला जिंकताना बघितलं होतं की नाही, एवढंच.

काका बाबांकडे बघत म्हणाले, "मी नीट पाहिलंच नाही, बेटा. खरंच. माहीत नाही मले."

ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. त्या वेळी त्यांना खरंच आठवत नसावं. थोड्या वेळापूर्वी स्वतःच्या डबीतले दाणे बघून ते जसे दचकले, तसंच ते पुडीतल्या शेंगांबद्दलही दचकले असते. अंगात तेच जॅकेट होतं, मोठ्या खिशांचं.

तिने मान हलवली आणि उठली. चपलांच्या स्टँडजवळ जाऊन पिशवी उचलली, बाबांसमोर आणून ठेवली आणि पुन्हा बाह्यांत हात घेऊन उभी राहिली. बाबांनी पिशवीला हात लावला नाही. आई प्लेट्स हातात घेऊन तशीच उभी. टीव्हीवर चॅम्पियन कुणाला तरी खांद्यावर उचलून नाचत होता, आवाजाशिवाय.

मी लॅपटॉप मिटला. तो आवाज खोलीत मोठा वाटला आणि सगळे माझ्याकडे वळले. हेच तर मला नको असतं. वाक्य मी आधी डोक्यात इंग्रजीत जुळवलं, ते ऑफिसच्या ईमेलसारखं वाटलं, म्हणून सोडून दिलं. मग बाबांकडे, मास्टरजींकडे, तिच्याकडे, कुणाकडेच न बघता काकांच्या जॅकेटकडे बघत जे आलं ते बोलले.

"काका, तुम्ही मोजलं होतं. एक शेंग उजव्या खिशात टाकली होती तुम्ही, आणि दोन डाव्या खिशात. मी शेजारीच बसले होते."